तोतया आणि कट केलेला फोन

"मला एक फोन करून विचारायचं तरी होतं, बाबा!"

धाकटा भाऊ बंगळुरूहून ओरडत होता. फोन स्पीकरवर होता आणि साताऱ्याच्या घरात ओट्याशी मी, आई आणि बाबा उभे होतो. बाबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला आणि म्हणाले, "केला होता. तू कट केलास."

पलीकडे एकदम शांतता.

झालं होतं ते असं. दुपारी साडेबाराच्या सुमारास बाबांना एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. फोटो भावाचा, मागच्या दिवाळीतला, निळ्या कुर्त्यातला. 'बाबा, हा माझा ऑफिसचा नवीन नंबर. जुना फोन सारखा हँग होतोय. मीटिंगमध्ये आहे, कॉल करू नका, इथेच मेसेज करा.' मग पाच मिनिटांनी, 'एका मित्राला अर्जंट पैसे द्यायचेत, माझं अ‍ॅप चालत नाहीये, संध्याकाळी परत टाकतो.' बाबा आयुष्यभर शाळेत मुलांच्या वह्या तपासलेले मुख्याध्यापक. त्यांनी योग्य तेच केलं आणि भावाच्या जुन्या, पाठ असलेल्या नंबरवर फोन लावला. भाऊ खरंच मीटिंगमध्ये होता. त्याने फोन कट केला आणि सवयीने त्यातलंच एक तयार उत्तर पाठवलं, 'आत्ता बोलू शकत नाही.' बाबांच्या दृष्टीने खात्री पटली. मुलगा मीटिंगमध्ये आहे, बोलू शकत नाही, मेसेजमध्येही तेच होतं. त्यांनी आधी 20,000 पाठवले, मग 28,000.

मी हे लिहितेय ते बाबा कसे फसले हे सांगायला नाही. अशा गोष्टी आता प्रत्येक सोसायटीत ऐकायला मिळतात. मला त्या कट केलेल्या फोनबद्दल बोलायचं आहे. ठगाने भावाचा फोटो चोरला, ते तर शेंबडं पोरही करेल. त्याने त्याहून मोलाची एक गोष्ट उचलली होती, ती म्हणजे आमची आई-वडिलांशी बोलायची पद्धत. तुटक, घाईतली, कारण न सांगणारी आणि उलट प्रश्न विचारलेला न चालणारी.

त्या रात्री मी बाबांच्या फोनमधले माझेच मेसेज वर सरकवत वाचले. 'बिझी आहे, नंतर बोलते.' 'लाइट बिल भरलं का?' 'एक लिंक पाठवलीय, त्यावर ओके करा.' आणि एक वाचून मला फोन खाली ठेवावासा वाटला. 'बाबा, तुमच्या फोनवर ओटीपी आलाय, तो लगेच पाठवा, वेळ संपतोय.' त्यांच्या विम्याचं नूतनीकरण मी पुण्यात बसून करत होते, त्याचा तो ओटीपी. हीच मी त्यांना दर महिन्याला बजावते की ओटीपी कुणालाही द्यायचा नाही. म्हणजे नियम आम्हीच शिकवला आणि तो मोडायची सवयही आम्हीच लावली. शिवाय मोडताना घाई केली, म्हणजे घाई हे खऱ्या मुलीचं लक्षण ठरलं.

मराठीत या माणसाला फार जुना शब्द आहे, तोतया. पानिपतावर 1761 मध्ये सदाशिवरावभाऊ पडले, पण घरच्यांना त्यांचं अखेरचं दर्शन झालं नाही, आणि पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत सौभाग्यलेणं उतरवलं नाही असं सांगतात. मग 'मीच भाऊ' म्हणणारा एक जण उगवला. त्याला पकडलं, चौकशी केली, कैदेत टाकलं. तरी 1776 मध्ये तो रत्नागिरीहून सुटला, कोकणातले किल्ले घेत, हजारोंची फौज जमवत थेट बोरघाटापर्यंत आला. अखेर पुण्यात त्याला देहदंड झाला. पंधरा वर्षांनी इतकी माणसं त्याच्यामागे गेली, त्यात काहींचा राजकीय स्वार्थ होताच. पण पुष्कळांना भाऊ परत यायला हवे होते. चेहरा जुळवायचं उरलेलं काम त्यांच्या इच्छेने केलं.

तोतयाला सोंग पूर्ण वठवावं लागत नाही, हे कुणाला पटत नसेल तर जपानकडे पाहावं. तिथे या शतकाच्या सुरुवातीपासून हा प्रकार इतका बोकाळला की त्याला 'ओरे ओरे' असं नाव पडलं. अर्थ एवढाच, 'मी, मी बोलतोय.' म्हातारी माणसं घाबरून स्वतःच विचारत, "कोण, अमका का?" आणि नाव त्यांच्याकडूनच मिळे. पुढे 2013 मध्ये टोकियोच्या पोलिसांनी लोकांकडून नवं नाव मागवलं, आणि निवडलं गेलेलं नाव होतं 'आई, वाचव मला' फसवणूक. आपल्याकडे येणारे "काका, ओळखलंत का?" हे फोन त्याच जातीचे. ओळखलं नाही म्हणणं आपल्या लोकांना उद्धटपणा वाटतो. मग "अरे, तू वाईचा का?" असं आपणच म्हणतो आणि तो वाईचा होतो.

गेल्या काही वर्षांत या मुळावर बरेच फाटे फुटलेत. एकात 'पप्पांनी तुम्हाला पैसे द्यायला सांगितलेत' असं सांगून बँकेसारखा दिसणारा खोटा मेसेज पाठवतात, त्यात चुकून एक शून्य जास्त पडलेलं असतं आणि वरचे पैसे परत मागितले जातात. दुसऱ्यात नात्यातल्याच कुणाचं तरी खातं हडपलेलं असतं. 'मावशी, माझा सहा आकडी कोड चुकून तुझ्याकडे आलाय' असं म्हणून कोड घ्यायचा आणि पुढच्या तासाभरात मावशीच्या नावाने सगळ्या भिशी ग्रुपकडे पैसे मागायचे. तिसरा सगळ्यात क्रूर. पोलिसाच्या गणवेशातला फोटो असलेल्या नंबरवरून फोन, 'तुमचा मुलगा एका मुलीच्या केसमध्ये सापडलाय', आणि मागे कुणीतरी रडत म्हणतंय, "मम्मी, वाचव गं." मुलं कोट्याला, पुण्याला, लातूरला क्लाससाठी ठेवलेल्या आया या फोनला कशा बळी पडतात हे वेगळं सांगायला नको. आता कृत्रिम बुद्धिमत्तेने आवाजाची नक्कल होते, त्याची भीती मोठी आहे आणि खरी आहे. तरी रडण्याला नक्कल लागत नाही. रडताना सगळ्यांचीच मुलं सारखी वाटतात.

यावर सरकारी उत्तर म्हणजे जनजागृती. मध्यंतरी कुणालाही फोन लावला की आधी अमिताभ बच्चन सायबर ठगांपासून सावध करत. लोक इतके वैतागले की अमिताभच्या आवाजाला कंटाळणारा देश मी पहिल्यांदाच पाहिला. मी जागृतीच्या विरोधात नाही. पण तिची मर्यादा तिच्या वाक्यातच आहे. ती म्हणते, अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नका. हा ठग अनोळखी म्हणून येतच नाही. सावधगिरीच्या प्रत्येक नियमाला घरात एक अपवाद असतो, पोटचं पोर, आणि तो नेमका त्या अपवादाचं नाव लावून येतो. लोकसभेत सरकारने दिलेल्या आकड्यांनुसार देशात सायबर फसवणुकीत 2023 मध्ये सुमारे 7,465 कोटी रुपये गेले आणि 2024 मध्ये 22,845 कोटी. हे सगळ्या प्रकारांचे मिळून आहेत. पण जागृती चालू असतानाच नुकसान तिपटीने वाढलं, एवढं तरी त्यातून दिसतं.

म्हणून माझं म्हणणं असं की आई-वडिलांना आणखी संशयी बनवण्याआधी आपण, म्हणजे ज्यांच्या नावाने पैसे मागितले जातात त्या मुलांनी, संशय सोसायला शिकलं पाहिजे. ओळख पटवायची जबाबदारी मागणाऱ्याची. सावकाराच्या दारात हे आपल्याला समजतं, बँकेत समजतं, विमानतळावर निमूट आधार कार्ड काढून दाखवतो. फक्त आईने "नक्की तूच ना रे?" विचारलं की आपला पारा चढतो. "आई, काहीही काय विचारतेस!" तिला हे दोनदा ऐकवलं की तिसऱ्यांदा ती विचारत नाही, आणि तिसरा मेसेज आपला नसतो.

जुन्या मराठी पत्रांत शेवटी मोर्तब असे. शिवकालीन पत्र पाहा, मजकूर संपला की लगेच 'मर्यादेयं विराजते' अशी छोटी मुद्रा, म्हणजे इथे पत्राची मर्यादा संपली, यापुढे कुणी ओळ घुसडू नये. ज्याला हुकूम मिळायचा तो मोर्तब पाहायचा आणि त्यात महाराजांचा अपमान होतोय असं कुणाला वाटत नसे. नारायणराव पेशव्यांच्या खुनाशी जोडलेली 'ध'चा 'मा' झाल्याची गोष्ट इतिहास म्हणून कितपत टिकते ते अभ्यासक सांगतील, पण ती घराघरात राहिली कारण निरोप वाटेत बदलू शकतो हे आपल्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. ते शहाणपण आपण कागदाबरोबर रद्दीत घातलं.

घरातल्या मोर्तबासाठी फार काही लागत नाही. पैशाचा विषय निघाला की बोलणं फोनवरच, तेही जतन केलेल्या नंबरवर, आणि तो लागला नाही तर पैसे थांबतील. पोराची कितीही अडचण असो. मुलांनी यात आपली बाजू अशी पाळायची की आई-बाबांचा फोन एकाच दिवसात दोनदा आला तर मीटिंगमधून बाहेर यायचं. एरवी ते सहसा दोनदा करत नाहीत. नंबर खरंच बदलला असेल तर तो स्वतः बोलून सांगायचा, आणि जुना 'डिलीट करा' हे शब्द आपल्या तोंडून कधीही जाऊ द्यायचे नाहीत, कारण ते ठगाच्या पाठांतरातलं वाक्य आहे. त्यांच्या फोनवर एक गोष्ट दाखवून ठेवण्यासारखी आहे. जतन केलेला माणूस आपण दिलेल्या नावानेच दिसतो, 'सोनू' तर सोनू. अनोळखी नंबरच्या माणसाचं नाव व्हॉट्सअ‍ॅपवर लाटेसारख्या छोट्या खुणेसकट येतं, कारण ते त्याने स्वतः लावलेलं असतं. आमच्या बाबांना मोठाली पत्रकं वाचून समजलं नाही ते या लाटेवरून समजलं. "म्हणजे ज्याचं नाव हलतंय तो आपला नाही," असं ते म्हणाले. आपला फोटो फक्त आपल्या यादीतल्या लोकांना दिसेल अशी सोय सेटिंगमध्ये असते, आणि खात्याला सहा आकडी पिन लावता येतो. ही दोन कामं मुलांनी स्वतःच्या फोनवर करायची आहेत. चोरीला जाणारा चेहरा आपला आहे.

आणि एक खुणेचा प्रश्न. शब्द नको, प्रश्नच बरा. ठरवलेला शब्द घाबरलेला माणूस विसरतो, किंवा कुटुंबाच्या ग्रुपवर कुणीतरी विनोद म्हणून टाकतो. प्रश्न मात्र आई-बाबांच्या डोक्यात शेकडो असतात. ज्याचं उत्तर कुठल्याही फोटोखाली लिहिलेलं नाही असा कुठलाही.

इथवर घरातलं झालं. पण सगळा भार घरावर टाकून बँका आणि सरकारने नामानिराळं राहायचं, हे मला मान्य नाही.

गिरणगावातला चाकरमानी महिन्याच्या पगारातून कोकणात मनीऑर्डर करायचा. तिला दिवस लागत. पोस्टमन ती घेऊन दारात यायचा, आणि तो घरातल्या प्रत्येकाला ओळखायचा. तेव्हा पैसा मुलाकडून आई-वडिलांकडे जात होता. आता दिशा उलटी झाली आहे. निवृत्तीची रक्कम, ग्रॅच्युइटी, मुदत ठेवी आई-वडिलांकडे आहेत आणि हप्त्यांनी बेजार झालेली मुलं शहरात. मुलाने वडिलांकडे अचानक पैसे मागणं आज अजिबात नवल नाही, म्हणून तर सोंग पटतं. आणि नेमक्या याच काळात वाटेतला पोस्टमन गेला. बँकेतला कॅशियर विचारायचा, "काका, एवढी रक्कम? सगळं ठीक ना?" त्या प्रश्नाने किती घरं वाचली याची नोंद कुठल्याही खातेवहीत नसेल. 2025 च्या ऑगस्टमध्ये यूपीआयने एका महिन्यात 2,000 कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. त्यातला एकही व्यवहार कुणाला 'काका' म्हणत नाही.

तो प्रश्न यंत्राकडून विचारून घेता येईल. 2023 च्या अखेरीस बातम्या आल्या होत्या की दोन माणसांमधला पहिलाच व्यवहार 2,000 रुपयांवर असेल तर चार तास थांबवायचा, असा विचार सरकारी पातळीवर चालू आहे. त्यावर नेहमीची ओरड झाली, डिजिटल व्यवहारांचा वेग जाईल, किराणावाला काय करेल. किराणावाल्याचा मुद्दा रास्त आहे आणि 2,000 ही मर्यादा फारच खाली होती. पण त्यामुळे कल्पनाच टाकून देणं म्हणजे ढेकणांसाठी घर जाळणं. साठीपुढच्या खातेदाराला स्वतःहून निवडता येईल अशी सोय द्या. ज्याला आजवर कधी पैसे पाठवले नाहीत अशा माणसाला दहा हजारांवर रक्कम जात असेल तर ती काही तास अडून राहील, तेवढ्यात रद्द करता येईल. दूधवाला, औषधवाला, वीजबिल यांना काहीच फरक पडत नाही. ब्रिटनमध्ये फसवणुकीचा रास्त संशय असेल तर बँकांना व्यवहार आणखी 72 तासांपर्यंत रोखून धरायची मुभा 2024 मध्ये कायद्याने मिळाली. जपानमध्ये काही बँकांनी सत्तरीपुढच्या, बरीच वर्षं एटीएमवरून पैसे न पाठवलेल्या ग्राहकांची ती सोयच आवळली. मला जपानी उपाय जरा जास्त वाटतो, कारण तिथे निवड ग्राहकाची नाही.

कुणी म्हणेल, आता पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं बँकेतलं खरं नाव दिसतंच की. दिसतं. यूपीआयवर 2025 च्या जूनअखेरीपासून बँकेतलं नोंदलेलं नाव दाखवणं सक्तीचं आहे, आणि ते उत्तमच झालं. बाबांनाही एक परकं नाव दिसलं होतं. पण 'मित्राच्या खात्यावर टाका' ही ओळ मेसेजमध्ये आधीच येऊन बसली होती. गोष्ट रचणारा नावाची सोय गोष्टीतच करून ठेवतो. वेळेची मात्र त्याला सोय करता येत नाही. संध्याकाळी बापलेक बोलतात, आणि तिथे त्याचं सगळं संपतं. म्हणून मी वेळ मागते आहे.

आता भरपाई. रिझर्व्ह बँकेने जुलै 2017 मध्ये परिपत्रक काढून ग्राहकाला चांगलं संरक्षण दिलं. चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार नाही. पण आई-वडिलांनी आपल्या हाताने पिन टाकून पैसे पाठवले की बँक म्हणते, व्यवहार तुम्हीच केलात. ब्रिटनने 7 ऑक्टोबर 2024 पासून नेमकं हेच बदललं. फसवून पाठवायला लावलेले पैसे 85,000 पौंडांपर्यंत ग्राहकाला परत मिळतात आणि तो भार पाठवणारी बँक आणि पैसे घेणारी बँक निम्मा-निम्मा उचलतात. मला त्यातला दुसरा निम्मा भाग महत्त्वाचा वाटतो. बाबांचे 48,000 कुठल्यातरी खऱ्या बँकेतल्या खऱ्या खात्यात गेले. ते खातं उघडताना केवायसी झालं होतं. बहुतेक कुणा कॉलेजच्या पोराने चार-पाच हजारांसाठी ते भाड्याने दिलं असेल. त्या बँकेला आज या सगळ्याची काहीच झळ लागत नाही. तिच्या खिशातून निम्मे गेले असते, तर काल उघडलेल्या खात्यात आज पाच जिल्ह्यांतून पैसे येऊन दहा मिनिटांत बाहेर पडताना तिचं यंत्र नक्की जागं झालं असतं.

यावर दोन आक्षेप मला खरे वाटतात. पहिला, पैसे परत मिळणार म्हटल्यावर लोक बेफिकीर होतील, काही जण खोट्या तक्रारीही करतील. करतील. त्यासाठी रकमेला मर्यादा घालता येते, थोडा वाटा ग्राहकावर ठेवता येतो. आयुष्याची पुंजी गमावायच्या भीतीनेसुद्धा जो माणूस सावध झाला नाही, तो भरपाईमुळे बेफिकीर होईल हा युक्तिवाद मला तितकासा पटत नाही. दुसरा आक्षेप जड आहे. महाराष्ट्रात लहान नागरी सहकारी बँका पुष्कळ आहेत, पतसंस्थांची तर गणतीच नको. तिथे हा भार पेलायची ताकद आणि यंत्रणा दोन्ही नाही. त्यांना सवलतीची काही वर्षं द्यावी लागतील. पण दिशा ठरवायला हरकत नसावी.

दरम्यान मुलांनी शोधलेला एक तिसराच उपाय आहे, त्याबद्दल मला बोलल्याशिवाय राहवत नाही. आईच्या फोनवरचं बँकेचं अ‍ॅपच काढून टाकायचं. वडिलांना बटणांचा फोन आणून द्यायचा. "काय लागेल ते मला सांगा, मी पाठवतो." माझ्या एका मैत्रिणीने हे मोठ्या समाधानाने सांगितलं. तिची आई तीस वर्षं पोस्टात नोकरी केलेली बाई. आता भाजीवाल्याला चाळीस रुपये द्यायला ती मुलीला मेसेज करते. ठगाने तिचा एक रुपयाही घेतला नाही, आणि तरीही तिचं पाकीट गेलं. शिवाय सगळीच मुलं साधू नसतात. आई-वडिलांच्या देखभालीसाठी 2007 मध्ये केंद्राला कायदा करावा लागला, त्याच्या सुनावणीत समोर उभं असतं ते स्वतःचंच मूल. म्हणून वर म्हटलेल्या थांबवलेल्या व्यवहाराची सूचना कुणाला जावी हे ज्येष्ठानेच ठरवावं. मुलगा असेल, भाची असेल, नाहीतर रोज फिरायला बरोबर येणारे निवृत्त तलाठी. आणि त्या व्यक्तीला फक्त कळावं, परवानगी देण्याचा हक्क नको.

आता पैसे गेल्यापासून आम्हाला कळेपर्यंतच्या नऊ दिवसांबद्दल. बाबांना त्याच रात्री कळलं होतं. नेहमीप्रमाणे भावाचा फोन आला तेव्हा त्यांनी विचारलं, "झाला का नीट फोन?" तो म्हणाला, "कुठला फोन?" बाबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "काही नाही. जेवलास का?" त्यांनी ते कुणालाही सांगितलं नाही. नऊ दिवसांनी आईने पासबुक भरून आणलं तेव्हा दोन नोंदी दिसल्या. 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक त्यांना माहीत होता, फ्रिजवर मीच चिकटवला होता. तिथे पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता येतात. नऊ दिवसांनी नुसता तक्रार क्रमांक मिळतो.

मी विचारलं, का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, नीट वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका." एवढंच. पण मला अर्धंच कारण कळलं असं वाटतं. उरलेलं कारण त्या ओट्याशीच उभं होतं. त्यांना माहीत होतं आम्ही काय बोलू. "तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं." आणि नवव्या दिवशी भाऊ अगदी तेच ओरडला, शब्द तेवढे वेगळे. ठगाला पळायला नऊ दिवस आमच्या या वाक्याने दिले. फसलेल्या माणसाला पहिल्या तासात तोंड उघडता यावं, असं घर किती जणांचं आहे? माझं नव्हतं. कुणी सांगितलंच तर 'बरं केलंत सांगितलंत, चला, आधी 1930 लावू' हे वाक्य मी आता पाठ केलंय. ओशाळवाणं वाटतं, पण पाठच करावं लागलं.

बाबांनी मात्र खुणेच्या प्रश्नाचं फारच मनावर घेतलं आहे. गेल्या महिन्यात माझा फोन चार्जिंगला होता म्हणून मी ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याच्या फोनवरून त्यांना लावला. घरपट्टीची पावती हवी होती, पैशाचा संबंधही नव्हता.

"कोण बोलतंय?"

"बाबा, मी."

"मी कोण? आपल्या जुन्या वाड्यात म्हैस होती, तिचं नाव सांगा."

सांगा! मला अहो-जाहो. मी म्हटलं, "चंद्री."

"चंद्री गाय होती," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मिनिटभरात चार्जिंगला लावलेला माझा फोन वाजू लागला. मी उठून गेले आणि घेतला.